चार नंबरचा लाल दिवा

खोलीत यंत्रं सहा होती. खिडकीला लागून हिरव्या अक्षरांचं टर्मिनल, त्याच्या शेजारी पिवळ्या अक्षरांचं, भिंतीकडे रंगीत पडद्याचा एक कॉम्प्युटर, कोपऱ्यात टेलिप्रिंटर, लोखंडी कपाटावर वायरलेसचा संच आणि टेबलावर काळा टेलिफोन. सातवं या खोलीत नव्हतं. ते भीमपूरच्या पुढे सहा किलोमीटरवर, पैनगंगेच्या घाटावरच्या चौकीत होतं. त्याला पडदाच नव्हता. टाइपरायटरसारखं ते कागदावर छापत जायचं, आणि टेलिफोनचा रिसीवर त्याच्या पाठीवरच्या रबराच्या दोन वाट्यांत उपडा ठेवला की तारेतून बोलायला लागायचं. या सातांपैकी कुठूनही निघालं तरी पोचायचं एकाच ठिकाणी. हैदराबादच्या मुख्य कचेरीत एक मोठा कॉम्प्युटर होता आणि त्यात नद्यांच्या पातळीच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम. त्याला इंग्रजी नाव होतं, पण आदिलाबादच्या कचेरीत ते कुणी घेत नसे. सगळे त्याला हैदराबादच म्हणत. "हैदराबाद चालू आहे का?" "आज हैदराबाद फार हळू आहे." इथल्या नोंदी सांभाळणाऱ्या खुशालने ते प्रत्यक्षात एकदाच पाहिलं होतं, नोकरीच्या पहिल्या महिन्यात. दारात चपला काढायला लावल्या होत्या, काचेपलीकडे गार हवेत चार उंच कपाटं उभी होती आणि त्यांच्यावर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हापासून त्याला एक प्रश्न अधूनमधून टोचायचा. हिरव्या पडद्यावर हैदराबाद चोवीस ओळींचं असतं, टेलिप्रिंटरवर एकाच ओळीचं, रंगीत पडद्यावर निळ्या चौकटीतलं, वायरलेसवर नुसता खरखरता आवाज. मग ते स्वतः कसं आहे? एम.एस्सी.ला फिजिक्स घेतलेल्या माणसाला असले प्रश्न पडू नयेत, असं नाही. पण पडले तर त्यांना एकक हवं, आणि याला ते नव्हतं.

दहा ऑगस्ट त्र्याण्णवला, मंगळवारी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याने हिरव्या टर्मिनलवर आपलं नाव टाइप केलं, मग खुणेचा शब्द, आणि रोजच्या तक्त्याची वाट पाहत खुर्चीत मागे टेकला. तक्ता आला नाही. एकच ओळ आली. या नावाचा माणूस आधीच आत आहे, टर्मिनल चार, आठ वाजून चार मिनिटांपासून; त्याला बाहेर काढायचं का, हो किंवा नाही. चार नंबर म्हणजे घाटावरचं यंत्र. हैदराबाद एका नावाला एकाच वेळी एकच जागा देतं हे त्याला ठाऊक होतं, नियम म्हणून. तो नियम असा तोंडासमोर येऊन उभा राहिला नव्हता. मागे उभ्या असलेल्या सारांनी, म्हणजे त्यांच्या इंजिनिअरांनी, खांद्यावरून वाकून वाचलं. सार करीमनगरकडचे, घरात तेलुगू, कचेरीत सगळ्यांशी दख्खनी हिंदी. "अरे खुशाल," ते चहाचा घोट घेत म्हणाले, "तुम सुबे से अंदर बैठे हो, तो ये बाहर कौन बैठा है?" आणि स्वतःच्या विनोदावर हसत आपल्या टेबलाकडे गेले.

खुशालचं बोट कळीवर राहिलं. हो म्हटलं तर तो स्वतःला बाहेर काढणार होता. नाही म्हटलं तर बाहेरच राहणार होता. आठ चारपासून अकरा चाळीसपर्यंत तीन तास छत्तीस मिनिटं होतात. तेवढ्या वेळात आपण काय केलं याचा तो हिशेब करू लागला: स्टँडजवळच्या हॉटेलात पोहे खाल्ले, स्टोव्हची पिन घेतली, सायकलच्या मागच्या चाकात हवा भरली, हजेरीच्या वहीवर सही केली. या सगळ्या वेळात त्याचं नाव पैनगंगेच्या काठी एका पत्र्याच्या चौकीत बसून होतं, गप्प, काही न लिहिता, काही न विचारता. आणि नावाबरोबर दुसरंही एक नाव होतं. खुणेचा शब्द त्याने 'सोजर' ठेवला होता, इंग्रजी पाच अक्षरांत. सोजरबाई त्याची आई. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याला वाटलं, आपण इथे खुर्चीत आहोत यापेक्षा आपण तिथे आहोत हे जास्त पक्कं आहे, कारण त्याची नोंद आहे. त्याने 'नाही' दाबलं आणि चौकीचा टेलिफोन फिरवला. लाइन गुंतलेली होती. एक वाजता गुंतलेली, चार वाजताही. सहा वाजून दहा मिनिटांनी टर्मिनल चार आपोआप बाहेर पडलं, पुन्हा आत आलं, आणि संध्याकाळची नोंद रुजू झाली: सहा पॉइंट एकेचाळीस मीटर.

नाव त्यानेच दिलं होतं. मागच्या वर्षीच्या जूनमध्ये ते छापणारं यंत्र चौकीत बसवलं तेव्हा तिथल्या माणसाच्या, चंपतरावांच्या, नावाची मागणी हैदराबादला गेली होती. महिनाभर विचारलं की सार म्हणत, "रेपु, रेपु," आणि तो उद्या काही उगवला नाही. पाऊस मात्र आला. मग खुशालने कचेरीत सगळे करतात तेच केलं. आपलं नाव आणि खुणेचा शब्द एका चिठ्ठीवर लिहून चंपतरावांच्या हातात दिला आणि ठरलं की सकाळी आठ ते आठ दहा आणि संध्याकाळी सहा ते सहा दहा खुशालने हैदराबादला हात लावायचा नाही. चंपतराव घाटावर एकतीस वर्षं पाणी वाचत होते. आधी पोस्टाच्या कार्डावर लिहून पाठवत, मग तारेने, मग वायरलेसवर ओरडून. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, दूर धरली, पुन्हा जवळ आणली. "हे खालचं कोनाचं नाव होय जी?" खुशाल म्हणाला, आईचं. चंपतरावांनी चिठ्ठीची घडी घातली. "मंग मी हात पुसून लिवत जाईन," म्हणाले. यंत्र वापरायची कृती खुशालने त्यांना तीनदा सांगितली होती. शेवटची पायरी अशी: निरोप संपला की 'रजा' टाइप करा, वाट पाहा, लाल दिवा विझला की मगच रिसीवर उचलून जागेवर ठेवा. दिवा विझला नाही तर रजा पोचली नाही असं समजा, पुन्हा टाइप करा. इतक्या दिवसांत एकदाही त्यात चूक झाली नव्हती. मंगळवारी दिवा दहा तास लागलेला होता आणि चौकीतल्या माणसाने तो पाहिला नव्हता.

चिठ्ठी जवळ, दूर, जवळ. हे आता आठवत होतं. आणि मे महिना आठवत होता, जो आठवू नये म्हणून तो मंगळवारपासून दुसऱ्या गोष्टी आठवत होता. दर मे महिन्यात नदीवाचकांची नजर तपासायची असते. तक्ता याच खोलीत, टेलिप्रिंटरच्या वर टांगलेला आहे. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणारे आकडे, नऊ वर्षांत न बदललेले. खुशाल काठी लावत होता आणि चंपतराव सहा मीटरवरून खाड खाड म्हणत होते. शेवटच्या ओळीला काठी टेकायच्या आत त्यांनी पहिला आकडा म्हटला होता. काठी अजून हवेत होती. खुशालला ते दिसलं होतं. अंतर असेल चार बोटं, वेळ असेल अर्धा सेकंद. त्याने ते मोजल्यासारखं टिपलं आणि मग फॉर्मवर लिहिलं: दृष्टी उत्तम. का लिहिलं? बाहेर पस्तीस जण उभे होते म्हणून. चंपतराव वांकिडीकडच्या माणसांसारखं बोलत, आणि खुशाल वांकिडीचा, म्हणूनही असेल. किंवा समोरचा माणूस पाठ केलेलं म्हणतोय हे कळल्यावर आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त लाज वाटली म्हणून. शनिवारी हंगामाच्या मध्याचा दाखला हैदराबादला जायचा होता. त्यावर खुशालचे दस्तखत हवे होते की प्रत्येक चौकीची नोंद विश्वासाची आहे. बुधवारी सारांनी फॉर्म त्याच्या टेबलावर टाकला. "घाट का मुआयना करके आओ चाहे मत आओ," ते म्हणाले, "लेकिन दस्तखत सोच के करना. नीचे के गाँव उसी आंकड़े पे सोते हैं." ते खरंच होतं. हैदराबाद त्या आकड्यावरून पुढच्या बारा तासांचं पाणी काढायचं आणि काठच्या वस्त्यांना उठवायचं की झोपू द्यायचं ते त्यावर ठरायचं.

चंपतरावांना निवृत्तीला हा एकच पावसाळा उरला होता. दाखला खरा लिहिला तर तो पावसाळा जाणार होता, आणि डोळ्यांवाचून खोटी नोंद केल्याचा ठपका एकतीस वर्षांवर बसणार होता. खोटा लिहिला तर आकडा खोटा असला तरी तो आपल्या नावाने, आपल्या आईच्या नावाने, खालच्या गावांत जात राहणार होता. बुधवारी दुपारी खुशालने ठरवलं की आधी आकड्यांनाच विचारायचं. एक जूनपासून नऊ ऑगस्टपर्यंत सत्तर दिवस, रोज दोन, एकशे चाळीस नोंदी. त्याने त्या पिवळ्या टर्मिनलवर काढल्या आणि फक्त शेवटचा आकडा कागदावर उतरवत गेला. त्याला कॉलेजातलं एक साधं निरीक्षण माहीत होतं: डोळ्याने पट्टी वाचणाऱ्याला शून्य आणि पाच आवडतात. पाणी हलतं, नजर जवळच्या मोठ्या रेघेवर जाऊन बसते आणि माणूस अगदी प्रामाणिकपणे चाळीस किंवा पंचेचाळीस लिहितो. मागच्या वर्षीच्या त्याच सत्तर दिवसांत चंपतरावांच्या एकशे चाळीसपैकी एक्याऐंशी नोंदी शून्यावर नाहीतर पाचावर संपत होत्या. ते डोळसपणाचं लक्षण होतं. यंदा अशा नोंदी एकोणतीस होत्या. कोणत्याही आकड्याची आवड नसेल तर अठ्ठावीस याव्यात. खुशालने पुन्हा मोजल्या. एकोणतीस. घरात बसून रचलेले आकडे असे येत नाहीत. रचणारा माणूस शून्य आणि पाच मुद्दाम टाळतो, ते त्याला फार गोल वाटतात. म्हणजे हे आकडे डोळ्याने वाचलेले नव्हते आणि मनानेही रचलेले नव्हते. मग नदी वाचत होतं कोण? कागदावरच्या त्या सारख्या उंचीच्या दहा ढिगांकडे पाहताना त्याला भीती वाटली. इतकं समान तर पाणीही नसतं.

गुरुवारी तो टर्मिनलसमोर बसून राहिला आणि त्याला वांकिडीतलं दुकान दिसत राहिलं. वडील, उद्धवराव, कापडाचे व्यापारी. चंद्रपूरहून गठ्ठे यायचे. गोंडपिपरीपासूनची गिऱ्हाइकं यायची. कापड मोजताना वडिलांनी कधी गजाकडे पाहिलं नाही. नजर गिऱ्हाइकाच्या तोंडावर, बोलणं त्याच्या बैलांचं, त्याच्या लेकीच्या सोयरिकीचं, आणि हात कापड ओढतोय, अंगठा टोकाला टेकतोय, पुन्हा ओढतोय. आठवीतल्या खुशालने शाळेची स्टीलची पट्टी घेऊन मागच्या खोलीत गुपचूप कापलेलं कापड मोजलं होतं. प्रत्येक गजाला अर्धं बोट जास्त. एकदा नाही, सात वेळा, सात कापडांत, तेवढंच अर्धं बोट. जेवताना त्याने ते जाहीर केलं, चोर पकडल्यासारखं. आई वाढता वाढता थांबली. वडील म्हणाले, "तुया पट्टीले हे समजत नाई, की कोरा कपडा पयल्या धुण्यात अर्धं बोट आकसते." आणि भाकरी मोडली. खुशालला त्या रात्री वाईट वाटलं ते वडील बरोबर निघाले याचं नव्हतं. न पाहता बरोबर निघाले, याचं होतं. मग पाहायचं कशाला? एवढा अभ्यास करून जे डोळे कमवायचे ते कशासाठी? टेलिप्रिंटर मधेच जागा झाला, एक ओळ छापून गप्प झाला. ओळ दुसऱ्याच चौकीची होती. त्याने पाणी प्यायलं, फॉर्मवर पेन टेकवलं, उचललं. निळा ठिपका राहिला.

शुक्रवारी तो पहिल्या बसने भीमपूरला उतरला आणि ओळखीच्या दुकानदाराची सायकल घेऊन घाटाकडे निघाला. दोन्हीकडे कापूस गुडघ्याएवढा होता, वाटेवर काळा चिखल, चाकाला लागून मडगार्डमध्ये घासणारा. आठला दहा कमी असताना चौकीचा पत्रा दिसला. त्याने सायकल बाभळीला टेकवली आणि घाटाच्या तोंडाशी आला, आणि तिथेच थांबला. खाली पायऱ्यांवरून चंपतराव उतरत होते, धोतर खोचलेलं, उघडे, कमरेला मोटेच्या नाड्याचा जाड दोर. दोराचं दुसरं टोक वरच्या दगडी खुंट्याला दोन वेढे घालून त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या, हातात होतं. मनकर्णाबाईंनी खुशालला पाहिलं. त्या दचकल्या, दोर मात्र सुटला नाही. तोंड उघडलं आणि मिटलं, मग त्यांनी मान हळूच डावी-उजवी हलवली. खाली चंपतराव मोठ्याने मोजत होते. "अठरा. एकोनीस. ईस." बोललं असतं तर मोजणी मोडली असती. खुशाल श्वास धरून उभा राहिला. तेविसाव्या पायरीला पाणी त्यांच्या मांड्यांना लागलं, पंचविसाव्याला कमरेला. त्यांनी डावा हात पुढे केला, हवेत चाचपडला, आणि पाणी मोजायच्या सागवानी खांबावर तो टेकला. खांबाच्या समोरच्या बाजूला पांढरी पट्टी आणि काळे आकडे होते. त्यांनी तिकडे तोंडही केलं नाही. बोट खांबाच्या कडेवरून खाली सरकत गेलं, एकेका ठिकाणी अडत, पाण्यापर्यंत. मग ते तिथेच ठेवून चंपतराव बराच वेळ उभे राहिले. गढूळ पाणी येऊन आदळत होतं, वर चढत होतं, खाली उतरत होतं. त्यांचे ओठ हलत होते.

वर येताना पुन्हा पायऱ्या मोजल्या, उलट्या. शेवटच्या पायरीवर ते थांबले. "मगाशी चैन वाजली सायकलची," म्हणाले. "कोन होय, मनकर्णा?"

"साहेब हायत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आदिलाबादचे."

चंपतरावांच्या अंगावरून पाणी गळत होतं. त्यांनी खुशाल होता त्याच्या थोडं डावीकडे तोंड केलं. "रामराम जी. आंदी आकडा देऊन येतो, मंग बोलू. आठ वाजून राह्यले."

चौकीत खिळ्याला एक कोरडा पंचा टांगलेला होता. त्यांनी त्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं, आणि यंत्रापुढे बसले. पाच आकड्याच्या कळीवर वाळलेल्या डिंकाचा एक थेंब होता. तो सापडला की बाकीच्या कळा त्यांना सापडत होत्या. खुशालचं नाव छापलं गेलं. मग यंत्र खुणेचा शब्द छापत नाही म्हणून कागद कोरा राहिला आणि बोटं पाचदा हलली. खुशाल ती बोटं पाहत होता. सहा पॉइंट बासष्ट. यंत्राने लांब खर्र केलं. "घेतलं," चंपतराव म्हणाले. "नाई घेतलं का टुक टुक करते दोन डाव." मग रजा. मनकर्णाबाई दारातून दिव्याकडे पाहत होत्या. "इझला," त्या म्हणाल्या. चंपतरावांनी रिसीवर उचलला.

"मंगळवारी इझला नव्हता," खुशाल म्हणाला. कचेरीत वापरायची भाषा इथे यायच्या आधीच वाटेत कुठेतरी गळून पडली होती. "दिवसभर लागून होता. मले आतच येता आलं नाई."

"मंगळवारी हे नव्हती, इझला का नाई सांगाले. बहिनीकडे गेल्ती, गुडीहत्नूरले."

"मंग दोर कोनं धरला?"

मनकर्णाबाई नवऱ्याकडे पाहू लागल्या. हे त्यांनाही आता कळत होतं. "एकटे गेल्ते तुमी?" त्या म्हणाल्या. "मले तं म्हनले का धोंडीबाले बलावलं होतं."

"शेजारच्या धोंडीबाले समजलं तं साऱ्या गावाले सांगते, मंग हैदराबादले पोचते," चंपतराव म्हणाले. "खुंट्याले बांधला होता ना दोर. खुंटा काई तुयापेक्षा कमी जड नाई." मनकर्णाबाई बाहेर जाऊन चुलीशी बसल्या आणि लाकडं उगाच मागेपुढे करू लागल्या.

खुशालने फॉर्म काढला. मग तो ठेवून दिला आणि चंपतरावांपासून एक मीटरवर उभा राहून हात वर केला. "किती बोटं हायत?"

"खोटं सांगू का खरं?"

"मे महिन्यात सांगितलं तसं नोको."

"हात हाय एवढं समजते," चंपतराव म्हणाले. "बोटं नाई दिसत. संक्रांतीपासून अंधारूनच येऊन राह्यलं. मंग मीनं खांबाले खाचा केल्या, कानशीनं. सेंटिमीटरले एक बारीक, दहाले एक खोल. नदी आटली होती तवाच केल्या, पट्टीवर नख ठेवून ठेवून. अकरा दिवस लागले. आंदी कसं, पान्याकडे पाहो आन लिवो. आता लाट वर गेली का कोनत्या खाचेले लागते, खाली गेली का कोनती उघडी पडते, अशा दहा लाटा पाहा लागते. मंग मधली धरतो. तुमाले तिथं चूक सापडली असन तं सांगा. डोळ्याची सांगू नोका, ते मले ठाव हाय."

खुशाल खाली घाटावर गेला आणि खांबाच्या कडेवरून त्याने स्वतःचं बोट फिरवलं. खाचा सारख्या अंतरावर होत्या. त्याने परत येऊन सांगितलं ते एवढंच: साडेआठपासून एक वाजेपर्यंत दर अर्ध्या तासाला एक, अशा दहा नोंदी घ्यायच्या. नियमात लिहिल्याप्रमाणे पाण्याच्या कडेच्या पायरीवर उभं राहून तो आधी डोळ्याने वाचेल आणि वहीत लिहून वही मिटेल. मग चंपतराव उतरतील. त्यांचा आकडा मनकर्णाबाईंनी चौकीच्या भिंतीवर कोळशाने लिहायचा, खुशालच्या हाताने नको. मनकर्णाबाईंना अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते, एस.टी.च्या तिकिटांवरून शिकल्या होत्या. "दहा डाव?" त्या म्हणाल्या. "मानसाले का पान्यात शिजवता?" चंपतराव म्हणाले, "लग्नाच्या टायमाले पन इतकी आंघोळ नवती झाली."

पाणी हळूहळू चढत होतं. प्रत्येक खेपेला खुशाल पायरीवर वाकायचा, पट्टीकडे पाहायचा आणि पाणी त्याला एक आकडा द्यायचं. तो लिहायचा, आणि लिहिताना खात्री असायची. चौथ्या खेपेला त्याने मनकर्णाबाईंच्या तळव्यांवरचे वळ पाहिले आणि दोर आपल्या हातात घेतला. तो ओला आणि जड होता. खाली माणूस एक पायरी उतरला की तेवढा दोर हातातून जायचा, प्रवाहाने ओढलं की खुंट्याला कुरकुरायचा, आणि तळव्यांना कळायचं की तिथे आता पाणी कमरेच्या वर आहे. त्याच्या मनात आलं, मंगळवारी हे कळायला या टोकाला कुणी नव्हतं; त्याच वेळी हैदराबादच्या नोंदीप्रमाणे मी इथे होतो. सातव्या खेपेला चंपतरावांचा पाय घसरला. दोर एकदम ताठ झाला, खुशालचे दोन्ही खांदे पुढे ओढले गेले, आणि खालून आवाज आला, "चोवीस. चोवीसच होय. सोडा थोडा." त्याने सोडला.

एक वाजता दहावी नोंद झाली. चंपतराव पंचा पांघरून भिंतीला टेकून बसले, ओठ निळे, आणि मनकर्णाबाईंनी त्यांच्या हातात चहाची कपबशी दिली. खुशाल वही उघडून कोळशाच्या आकड्यांसमोर उभा राहिला. एकेक जोडी पाहिली. मग बाजूला आणखी काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि यंत्रापुढे बसला. रिसीवर वाट्यांत ठेवला, लाल दिवा लागला. त्याने हात पुसले नव्हते हे आठवून तो उठला, पंचा चंपतरावांच्या अंगावर होता म्हणून सदऱ्याला पुसले, आणि आपलं नाव टाइप केलं. मग आईचं. हैदराबादने आत घेतलं. दाखल्याचा फॉर्म ओळीओळीने कागदावर येऊ लागला आणि तो रकाने भरू लागला.

"काय लिवून राह्यले?" चंपतरावांनी विचारलं.

"वाचून दाखवतो," खुशाल म्हणाला. "दृष्टी: एक मीटरवर बोटं मोजता येत नाहीत. मे महिन्यातला दाखला चुकीचा होता, तो मी दिला होता. नोंद पाठवण्यासाठी माझं नाव मी वापरायला दिलं होतं. नोंद घेणाऱ्याचं नाव: चंपतराव. पद्धत: खांबाच्या खाचा बोटाने. दोर धरायला माणूस लागतो, तो मंजूर करावा."

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "मंग हैदराबाद काय करन?"

"मले नाई सांगता येत."

"तुमचं काय करन?"

"तेही नाई सांगता येत."

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. चंपतराव म्हणाले, "आकडे घातले का पन? ते घाला. ते राहू नोका देऊ."

खुशालने शेवटची ओळ टाइप केली. यंत्राने लांब खर्र केलं. त्याने रजा घेतली आणि वाट पाहिली.

"इझला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्याने रिसीवर जागेवर ठेवला आणि कागद फाडून घेतला. शेवटची ओळ अशी होती: दहा जोड नोंदी, सर्वांत मोठा फरक दोन सेंटिमीटर, शून्य किंवा पाचावर संपणाऱ्या, याव्यात दोन, चंपतराव दोन, खुशाल सहा.